पिवळं होईपर्यंत

फेब्रुवारीत, फवारे अजून शेडमध्ये ताडपत्रीखाली असताना
इमेल्दा नर्सनं सगळ्यांचं रक्त घेतलं.
बावीस माणसं, बावीस नळ्या, जांभळी टोपणं,
बर्फात खोचून वापाटोहून माझ्या टेबलावर.
यंत्र नीट चालतंय का ते पाहायला
तेविसावी नळी माझी.

काम सोपं आहे.
रक्तात एक विकर असतं.
तेच, जे नस आणि स्नायूमधल्या फटीतही बसलेलं असतं.
नस म्हणते: आवळ.
निरोप फट ओलांडतो, पोचतो,
आणि पातं लवायच्या आत हे त्याचे दोन तुकडे करतं.
होत्याचं नव्हतं.
म्हणून तर आवळलेली मूठ उघडता येते.

मी त्याला खोटा निरोप देते,
मोडला की रंग उमटवणारा.
शहाण्णव वाट्यांच्या ताटलीत
जिथे विकर शाबूत, तिथे पिवळंधमक.
रक्ताचा लाल मध्ये लुडबुडतो, म्हणून
चारशे बारा सोडून चारशे छत्तीसवर वाचायचं,
हे मला ऑर्व्हिलनं शिकवलं. तो पिपेटला
'बाईसाहेब' म्हणायचा. मागच्या वर्षी निवृत्त झाला.

मे महिना. पेअरचा बहर गळून गेला.
अकराव्या नळीची वाटी
दहा मिनिटं झाली तरी लिंबाच्या पाण्याएवढीच.
चौतीस टक्के खाली.
विकराच्या पोटात एक अरुंद घळ असते,
तिच्या तळाशी निरोप मोडायची जागा.
तिथे औषध जाऊन बसलंय. बूड हलवत नाही.
बागेत त्याला औषधच म्हणतात.

अकरावा म्हणजे एलेउतेरियो.
तो मिश्तेकमध्ये बोलला,
त्याच्या लेकीनं, नेरेइदानं, ते स्पॅनिशमध्ये आणलं,
इमेल्दानं फोनवर मला इंग्रजीत.
तीन तोंडं ओलांडून आलं ते एवढंच:
मी ठणठणीत आहे. तुमचं यंत्र तपासा.
फवारणीला तासाला तीन डॉलर जास्त मिळतात.
आणि मग, इमेल्दा म्हणाली, पोरगी स्वतःचं काही बोलली.
रात्री झोपेत बाबांची पापणी उडते.
हे त्यानं सांगितलं नव्हतं.

यंत्र तपासलं. दिवा बदलला.
जुनं द्रावण ओतून दिलं, नवं केलं.
मग बाही वर करून, पट्ट्याचं टोक दातांत धरून
माझी मीच तेविसावी नळी भरली.

पिवळं झालं.
फेब्रुवारीपेक्षा अठरा टक्के कमी पिवळं.
पुन्हा लावलं. अठरा.
तिसऱ्यांदा साडेसतरा.

वीसला मालकाला कळवायचं,
तीसला माणूस फवाऱ्यावरून उतरवायचा.
अठराला रकाना नाही.

मी फवारा कधी हातात धरलेला नाही.
माझं घर बागेला लागून आहे, मध्ये फक्त कालवा.
एप्रिलमध्ये पहाटे चारला मोठे पंखे घुमायला लागतात
आणि मी खिडकी उघडीच ठेवते, बहरासाठी.
लोक म्हणतात पेअरच्या फुलांना घाण वास येतो.
मला आवडतो.

इमेल्दाला फोन केला: यंत्र बरोबर आहे.
त्याला फवाऱ्यावरून उतरवा, पगार तोच ठेवायला लावा.
तिनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं असेल,
नेरेइदानं पुढे.
शेवटी त्याच्यापर्यंत काय पोचलं, ठाऊक नाही.

वहीत तेविसाव्या नळीपुढे लिहिलं:
यंत्र तपासणी. समाधानकारक.
पेन खाली ठेवताना
बोटं जरा उशिरा सुटली.
किंवा मीच ती बघत बसले होते.